'विचारलेवरून' : साक्षीची भाषा आणि न्यायसहायक मानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन

१

'फॉरेन्सिक' या विशेषणासाठी महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात 'न्यायसहायक' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्दाचा उगम लॅटिनमधील 'फोरम' या नामात आहे. फोरम म्हणजे रोमन नगरातील चौक, जेथे व्यापार चाले, सभा भरत आणि वादही चारचौघांसमक्ष निवडले जात. 'चव्हाटा' हा आपला शब्द अर्थाने त्याच्या जवळ जातो. पण तो बदनामीच्या छटेने डागाळल्यामुळे शास्त्राच्या नावात त्याला स्थान मिळणे कठीण. तेव्हा 'न्यायसहायक' हा पर्याय सोयीचा ठरला, याबद्दल तक्रार नाही. तथापि शब्द बदलला की दृष्टीही थोडी बदलते. मूळ शब्दात सर्वांसमक्ष केलेल्या तपासणीचा भाव होता; मराठी शब्दात साहाय्याचा, म्हणजे एका प्रकारे सेवेचा भाव आला. साहाय्य करणाऱ्याने प्रश्न विचारावयाचा नसतो, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते. न्यायसहायक मानसशास्त्राच्या आपल्याकडील अध्ययनात जी उणीव प्रस्तुत लेखकास जाणवते, तिचे बीज नेमके येथे आहे.

गुजरातमधील न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यानंतरच्या काळात या विषयाकडे वळणाऱ्या पदवीधरांत मराठी विद्यार्थीही आहेत. हे विद्यार्थी उद्या जबाब वाचतील, आरोपीच्या मनःस्थितीविषयी मत देतील, बालकांच्या साक्षी कशा घ्याव्यात हे पोलिसांना शिकवतील. त्यांच्या हाती येणारी सामग्री प्रायः शब्दांची असते आणि ते शब्द मराठीत किंवा तिच्या बोलींत उच्चारलेले असतात. असे असता त्यांना जी प्रमाणे, जे प्रयोग आणि ज्या मापनश्रेणी शिकविल्या जातात, त्या बहुतांशी इंग्रजी वाक्यरचनेवर उभ्या आहेत. हा केवळ उदाहरणांच्या परकेपणाचा प्रश्न नाही. प्रयोगात जे मोजले गेले, तेच मुळी इंग्रजी व्याकरणाच्या एका खुंटीवर टांगलेले असेल, तर मराठीत ती खुंटी कोठे आहे हे प्रथम शोधावे लागेल. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

२

साक्षीच्या मानसशास्त्राचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत विल्यम स्टर्न यांच्या प्रयोगांनी झाला असे मानतात. इंग्रजी वाचकांपुढे तो विषय ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि न्यायालये मानसशास्त्राकडे दुर्लक्ष करतात असा ठपकाही ठेवला. त्याला पुरावाशास्त्राचे मोठे पंडित जॉन विगमोर यांनी १९०९ मध्ये एका काल्पनिक खटल्याच्या रूपाने उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा की, जे शास्त्र अद्याप न्यायालयाच्या हाती वापरण्याजोगे काहीच ठेवू शकत नाही, त्याने न्यायालयावर फिर्याद करू नये. उपहास बोचरा होता, पण त्यातील आक्षेप रास्त होता. पुढे दीर्घकाळ हे क्षेत्र मंद राहिले.

त्याला नवा जोम आला तो एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या संशोधनाने. लॉफ्टस व पामर यांचा १९७४ चा प्रयोग आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या सात चित्रफिती दाखविल्या. नंतर मोटारींचा वेग विचारला. प्रश्नातील केवळ क्रियापद निरनिराळ्या गटांसाठी निरनिराळे ठेवले. 'स्मॅश्ड' म्हटले तेव्हा वेगाचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून अधिक आला, 'हिट' म्हटले तेव्हा ३४.० आणि 'कॉन्टॅक्टेड' म्हटले तेव्हा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. आठवड्याने त्यांना विचारले की फुटलेली काच दिसली होती काय? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी 'स्मॅश्ड' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला. 'हिट' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. आणि ज्यांना वेगाविषयी विचारलेच नव्हते अशा ५० पैकी ६ जणांनी. पुढील वर्षी, १९७५ मध्ये, लॉफ्टस व झॅनी यांनी याहून सूक्ष्म गोष्ट तपासली. फुटक्या दिव्याविषयी विचारताना इंग्रजीतील अनिश्चित उपपद 'अ' वापरावे की निश्चित उपपद 'द', एवढाच फरक. आणि 'द' वापरल्यास न पाहिलेली वस्तू पाहिल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असा निष्कर्ष निघाला.

या निष्कर्षांवर दोन दिशांनी आक्षेप आले, आणि ते विद्यार्थ्यांपुढे प्रयोगाइतक्याच ठळकपणे ठेवले पाहिजेत. पहिला मॅक्लॉस्की व झारागोझा यांचा, १९८५ मधील : प्रश्नाने मूळ स्मृती पुसली जाते असे सिद्ध होत नाही, उत्तर देणारा प्रश्नकर्त्याच्या सूचनेला मान देतो एवढेच दिसते. दुसरा युइल व कटशॉल यांचा, १९८६ मधील. कॅनडातील एका प्रत्यक्ष गोळीबाराच्या २१ साक्षीदारांपैकी १३ जणांना त्यांनी चार-पाच महिन्यांनी पुन्हा विचारले. त्यांची स्मृती बरीचशी अचूक आढळली आणि उपपदाच्या युक्तीला ते बळी पडले नाहीत. पहिला आक्षेप वरवर पाहता केवळ तात्त्विक वाटतो, कारण न्यायालयापुढे येते ते उत्तर, स्मृती नव्हे. परंतु उपायाचा विचार करू लागताच त्याचे महत्त्व कळते. स्मृती शाबूत असेल तर निर्मळ प्रश्नाने सत्य पुन्हा हाती लागू शकेल. ती बदलली असेल तर दुसरा प्रश्न कितीही चांगला असो, वेळ निघून गेलेली असते. दुसरा आक्षेप नम्रता शिकवतो. चित्रफीत पाहणारा विद्यार्थी आणि रस्त्यावर रक्त पाहिलेला माणूस यांची स्मृती एकाच मापाची नसते.

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. तो मात्र या वादात कोणी फारसा विचारलेला दिसत नाही. मराठीत 'द' कोठे आहे?

३

मराठीत उपपदे नाहीत. "फुटका दिवा पाहिलात का?" या प्रश्नात दिवा निश्चित की अनिश्चित हे व्याकरण सांगत नाही. "तो फुटका दिवा" असे म्हटले तर 'तो' हे दर्शक सर्वनाम 'द' पेक्षा कितीतरी जोरकस ठरते. ते जणू बोट दाखविते. म्हणून लॉफ्टस-झॅनी यांच्या प्रश्नाचे सरळ भाषांतर केले, तर एक तर फरक नाहीसा होतो, नाही तर भलताच मोठा होतो. यावरून मराठी साक्षीदार या मोहापासून सुरक्षित आहे असे अनुमान काढणे मात्र घाईचे होईल. निश्चितत्व दर्शविण्याचे काम मराठीत दुसऱ्या ठिकाणी चालते. पुढील दोन प्रश्न पाहावेत :

"तुम्ही चोर पाहिलात का?"
"तुम्ही चोराला पाहिलेत का?"

पहिल्यात चोर होता की नाही हे अद्याप खुले आहे. दुसऱ्यात चोर होता हे गृहीत धरून, तो तुमच्या दृष्टीस पडला काय, एवढेच विचारले आहे. पहिला प्रयोग कर्मणी, दुसरा भावे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून आपण प्रयोगविचार क्रियापदाच्या सुसंगतीचे प्रकरण म्हणून शिकत आलो. कर्माला 'ला' लागतो तेव्हा ते कर्म बहुधा सजीव व निश्चित असते, ही नोंदही आपल्या परिचयाची आहे. परंतु हा एक प्रत्यय साक्षीदाराच्या तोंडून होकार काढून घेण्यास समर्थ असेल काय, हा मानसशास्त्राचा प्रश्न झाला, आणि तो प्रयोगानेच सुटावयाचा आहे. इंग्रजी प्रयोगाचा खरा मराठी प्रतिरूप प्रयोग भाषांतराने मिळत नाही; तो मराठी व्याकरणातून नव्याने रचावा लागतो.

क्रियापदांचीही तीच कथा. मूळ प्रयोगात दोन्ही मोटारी एकमेकींवर सारख्याच आदळतात. क्रियापदाने बदलते ती फक्त आघाताची तीव्रता. मराठीत 'आदळल्या', 'धडकल्या', 'घासून गेल्या' अशी उतरंड लावता येईल. पण मराठी माणूस अपघाताची हकीकत सांगताना बहुधा वेगळीच निवड करीत असतो. "तो गाडीखाली आला", "गाडीने त्याला उडवले", "त्याने गाडी अंगावर घातली." तिन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात कर्तृपदी मृत मनुष्य आहे, दुसऱ्यात वाहन आणि तिसऱ्यात चालक. वेगाचा अंदाज बाजूस राहो, येथे दोषच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. पहिल्या वाक्यात मृताचीच बेसावधी सूचित होते, दुसऱ्यात हयगय शक्य राहते, तिसऱ्यात हेतू. कायद्याच्या भाषेत हे अंतर निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू आणि खून यांमधले अंतर आहे. तेव्हा "गाडीने उडवले तेव्हा तुम्ही कोठे होता?" असा साधा, स्थळाविषयीचा दिसणारा प्रश्नही निष्पाप नसतो.

या ठिकाणी फॉसी व बोरोडित्स्की यांचे २०११ मधील संशोधन उपयोगी पडते. त्यांनी इंग्रजी व स्पॅनिश भाषकांना हेतुपूर्वक आणि अनवधानाने घडलेल्या कृतींच्या चित्रफिती दाखविल्या. हेतुपूर्वक कृतींचे वर्णन दोघांनी सारखेच केले. अनवधानाच्या कृतींत मात्र इंग्रजी भाषकांनी कर्त्याचा निर्देश अधिक केला, आणि ती कृती कोणी केली हे त्यांच्या ध्यानातही अधिक राहिले. मराठी या संदर्भात विशेष समृद्ध आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्यांनी ती कर्त्याला सहज आत घेते वा बाहेर ठेवते. त्याखेरीज तिच्यापाशी एक मधली वाटही आहे : "माझ्या हातून काच फुटली." येथे कर्ता लपविलेला नाही, पण हेतू नाकारलेला आहे. "मी काच फोडली" आणि "काच फुटली" यांच्या मधोमध उभे असलेले हे वाक्य कबुली आणि बचाव एकाच दमात उच्चारते.

आता असे वाक्य फौजदारी प्रकरणात आले म्हणजे काय होते ते पाहावे. "माझ्या हातून तो मेला" असे कोणी म्हणाला. महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. अपील झाले की कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर होते. भाषांतरकार शब्दशः गेला तर 'हातून' याचा इंग्रजी प्रतिशब्द 'अ‍ॅट माय हँड्स' असा होतो. आणि इंग्रजीत त्या पदबंधाने कर्त्याची जबाबदारी सौम्य होत नाही, उलट हिंसेचा ठसा अधिक गडद होतो. भाषांतरकाराने सरळ 'मी त्याला मारले' या अर्थाचे वाक्य लिहिले, तर हेतूचा नकार समूळ नाहीसा होतो. दोन्ही भाषांतरे प्रामाणिक असू शकतात. दोन्हींत आरोपीने जे सांगितले ते हरवते.

ऐकीव माहितीविषयीही असेच. पुराव्याच्या कायद्याने साक्ष प्रत्यक्ष असावी लागते. ऐकलेले पाहिल्यासारखे सांगता येत नाही. मराठीत हा भेद दाखविण्यासाठी 'म्हणे' हे छोटे अव्यय आहे. "तो रात्री आला होता म्हणे" असे सांगणारी म्हातारी आपल्या ज्ञानाचा उगम प्रामाणिकपणे उघड करीत असते. लिहून घेणाऱ्याच्या कानाला ते बोलण्याची सवय वाटते. तो 'म्हणे' गाळतो. लेखणीच्या एका फटक्याने ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष होते, आणि पुढे उलटतपासणीत ती म्हातारी खोटी ठरते. "तो गेला असावा" यातील अनुमानही याच वाटेने "तो गेला" या विधानात रूपांतरित होऊ शकते. तिसरी अडचण कथित वाक्याची. "तो म्हणाला की मी दार उघडे ठेवले." यातील 'मी' कोण? म्हणणारा की सांगणारा? मराठीत दोन्ही अर्थ संभवतात. बोलताना आघात, हातवारे, प्रसंग यांनी संदिग्धता मिटते. कागदावर यांपैकी काहीच उतरत नाही.

येथे कोणी म्हणेल की हे व्याकरणाचे बारकावे झाले. माणसे व्याकरण जाणून बोलत नाहीत. बरोबर आहे. ती जाणून बोलत नाहीत म्हणूनच हे बारकावे साक्षीत महत्त्वाचे. जाणीवपूर्वक खोटे बोलणारा नामे आणि तारखा बदलतो. प्रत्यय आणि अव्यये त्याच्याही ताब्यात पूर्णपणे नसतात.

४

आतापर्यंत प्रश्नाचा उत्तरावर होणारा परिणाम पाहिला. पण तो परिणाम तपासावयाचा तर प्रश्न उपलब्ध असला पाहिजे. आपल्या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर अडचण येथे आहे. पोलिसांपुढील जबाबाच्या आरंभी एक ठराविक वाक्य असते : 'समक्ष विचारलेवरून जबाब देतो की'. यानंतर एकही प्रश्न येत नाही. जबाब प्रथमपुरुषी, सलग आणि ओघवता असतो. जणू साक्षीदार बसला आणि आपणहून सांगत गेला. तासाभराचे सारे प्रश्न, त्यांची क्रियापदे, त्यांचे प्रत्यय, त्यांतील गृहीते, हे सर्व 'विचारलेवरून' या एका शब्दात गडप झालेले असते. लॉफ्टस यांच्या प्रयोगाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, जो घटक प्रयोगकर्त्याने बदलला तोच नोंदवहीतून खोडून टाकावा आणि केवळ वेगाचे आकडे ठेवावेत, तसे हे आहे.

न्यायालयातही चित्र फारसे निराळे नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७५ व २७६ नुसार साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहून घ्यावयाची होती. प्रश्नोत्तररूपाने लिहिणे न्यायाधीशाच्या विवेकावर होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, पण ही व्यवस्था कायम राहिली. याउलट, दंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबात प्रत्येक प्रश्न व प्रत्येक उत्तर पूर्णपणे नोंदविण्याचा दंडक जुन्या संहितेतही होता व आजही आहे. म्हणजे प्रश्नाचे महत्त्व कायद्याला ठाऊक नाही असे नव्हे. आरोपीच्या बाबतीत ते ठाऊक आहे. साक्षीदाराच्या बाबतीत सोयीपुढे ते मागे पडले. सूचक प्रश्नांवर पुराव्याच्या कायद्याने घातलेले निर्बंधही न्यायालयातील तपासणीसाठी आहेत. पोलीस ठाण्यात विचारलेल्या सूचक प्रश्नाची खूणही ज्या कागदावर उरत नाही, तेथे त्या निर्बंधांचा हात पोचत नाही.

पोलिसांपुढील जबाबाचा उपयोग साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच करता येतो, हे खरे. तथापि जुन्या संहितेच्या कलम १६२ च्या स्पष्टीकरणानुसार जबाबात एखादी गोष्ट न सांगणे हीदेखील, ती महत्त्वाची असल्यास, विसंगती ठरू शकते. १९५९ मध्ये तहसीलदार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला होता. आता, विचारलेच नाही म्हणून सांगितले नाही, सांगितले पण लिहिले नाही, आणि मुळात घडलेच नाही, या तीन शक्यतांमध्ये निवड करावयाची तर प्रश्नांची यादी हवी. ती नसते. साक्षीदाराच्या मौनाचा अर्थ लावण्याचे काम मग अशा कागदावरून करावे लागते की ज्यात त्याचे बोलणेही त्याच्या शब्दांत नाही. 'सदर इसम', 'नमूद ठिकाणी', 'विचारपूस केली असता' हे शब्द कोणत्याही शेतमजुराच्या तोंडचे नव्हेत. ही कचेरीची भाषा आहे. साक्षीदार वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारा असो, जबाबाची भाषा एकच.

५

कागदावर लुप्त झालेला प्रश्न पुन्हा शोधून काढता येतो काय? इंग्लंडमधील दोन प्रकरणे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. टिमथी इव्हान्स याला आपल्या लहान मुलीच्या खुनाबद्दल मार्च १९५० मध्ये फाशी झाली. पुढे त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी अनेक खुनांचा कर्ता ठरला व १९५३ मध्ये फासावर गेला. इव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर क्षमा मिळाली. इव्हान्स जवळजवळ निरक्षर होता. त्याच्या नावे नोंदविलेल्या जबाबांचे विश्लेषण स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टविक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या परिच्छेदांत कबुली होती, त्यांची वाक्यरचना उरलेल्या जबाबाहून निराळी, लेखी धाटणीची असल्याचे त्यांनी दाखविले. या शास्त्राचे इंग्रजी नाव प्रचारात येण्यास त्यांचाच निबंध कारण झाला.

दुसरे प्रकरण डेरेक बेंटलीचे. त्याला जानेवारी १९५३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फाशी झाली. त्याचा जबाब त्याने प्रश्नांवाचून, सलग सांगितला, असे पोलिसांनी शपथेवर म्हटले होते. माल्कम कोल्थर्ड यांनी ५८२ शब्दांचा तो जबाब तपासला. त्यात 'मग' या अर्थाचे 'देन' हे क्रियाविशेषण दहा वेळा आले होते. सामान्य साक्षीदारांच्या जबाबांत ते क्वचितच येते, पोलिसांच्या जबाबांत मात्र सरासरी ७८ शब्दांमागे एकदा. शिवाय ते 'मग मी' असे न येता 'मी मग' अशा क्रमाने येत होते, आणि तो क्रम पोलिसी नोंदींचा होता. आमच्या विषयाला याहूनही महत्त्वाचे असे त्यांचे निरीक्षण नकारांविषयीचे आहे. स्वतःहून हकीकत सांगणारा मनुष्य घडले ते सांगतो. न घडलेले सांगण्याचे त्याला सहसा कारण नसते. हकीकतीच्या ओघाशी संबंध नसलेली "मी अमुक केले नाही", "मला तमुक ठाऊक नव्हते" अशी वाक्ये आली, की त्यांच्या मागे एक पुसलेला प्रश्न उभा असतो. बेंटलीची शिक्षा १९९८ मध्ये, पंचेचाळीस वर्षांनी, रद्द झाली. त्याला अन्य कारणेही होती. पण जबाब संवादातून निर्माण झाला असावा, हे दाखविणारे साधन भाषेनेच पुरविले.

ही पद्धत मराठी जबाबांना जशीच्या तशी लावता येणार नाही. 'मग' आणि 'त्यानंतर' यांचे बोलीतील व कचेरीच्या भाषेतील प्रमाण, नकारांची वाटणी, 'म्हणून' व 'असता' यांची वारंवारता, यांची मोजणी आधी झाली पाहिजे. अशी मोजणी करण्यास लागणारी सामग्री प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात पडून आहे. साक्षीदारांची नावे वगळून व न्यायालयाची अनुज्ञा घेऊन तिचा अभ्यास करणे हे एखाद्या यंत्राच्या खरेदीपेक्षा पुष्कळ स्वस्त काम आहे.

६

यंत्राचा उल्लेख सहज आलेला नाही. आपल्याकडे या शास्त्राची लोकांत जी प्रतिमा झाली, ती यंत्रांनी व औषधांनी घडविली आहे : नार्को-चाचणी, असत्यशोधक यंत्र, मेंदूतील विद्युत्‌लहरींची चाचणी. २००८ मध्ये पुण्यातील एका खुनाच्या खटल्यात अशा मेंदूचाचणीचा आधार घेतला गेला, तेव्हा त्याची चर्चा परदेशांतही झाली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संमतीवाचून अशी कोणतीही चाचणी कोणावरही लादता येणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून जे संरक्षण आहे, त्याचा तो विस्तार होता.

यंत्राकडे ओढ का असते? शब्दांवर अविश्वास आणि शरीरावर विश्वास, ही त्यामागची वृत्ती फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुष्ट साक्षीदाराची लक्षणे दिली आहेत : तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, तोंडाचा रंग पालटतो, तो अडखळतो. असत्यशोधक यंत्रही त्वचेवरील घामाचाच माग काढते, फक्त आकड्यांत. मात्र भय आणि असत्य यांचा घाम एकच असतो, ही अडचण स्मृतिकाराला होती तशीच यंत्रालाही आहे. डीपॉलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा असत्याची म्हणून मानलेली बहुतेक बाह्य लक्षणे दुबळी वा निरुपयोगी आढळली. ज्या विद्यार्थ्याला यंत्राचा आलेख वाचावयास शिकविले पण "माझ्या हातून" आणि "मी" यांतील अंतर वाचावयास शिकविले नाही, त्याच्या शिक्षणात तारतम्य राहिले नाही, असे म्हणावे लागते.

७

मापनश्रेणींच्या बाबतीत एक उदाहरण पुरे होईल. गिस्ली गुडजॉनसन यांची सूचनवशतेची श्रेणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एक गोष्ट वाचून दाखवितात व वीस प्रश्न विचारतात. त्यांपैकी पंधरा सूचक असतात. पहिल्या फेरीनंतर, तुमची उत्तरे बरीच चुकली, असे ठामपणे सांगून तेच प्रश्न पुन्हा विचारतात. किती उत्तरे सूचनेला शरण गेली आणि किती दडपणाने बदलली हे मोजतात. खोट्या कबुलीजबाबांच्या अभ्यासात या श्रेणीचे कार्य मोठे आहे. परंतु मराठीत तिचे भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक प्रश्नाशी थांबावे लागेल. "तो पळाला का?", "तो पळाला ना?", "तो पळालाच ना?" या तिन्हींची सूचकता भिन्न आहे, आणि इंग्रजी प्रश्नाच्या सूचकतेशी कोणता तुल्य हे शब्दकोश सांगू शकत नाही. दडपणाचेही तसेच. परीक्षकाने 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हा इंग्रजीत संभवतच नाही असा प्रश्न आपल्याकडे सत्तेचा पहिला उच्चार असतो. सर्वनाम न ठरवता केलेले भाषांतर सूचनवशता मोजील की सामाजिक अंतर, हे सांगता येणार नाही.

तेव्हा पदव्युत्तर अध्ययनात काय असावे, याविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : साक्षीविषयीचा कोणताही परदेशी प्रयोग शिकविताना, त्यातील भाषिक घटक मराठीत कोणत्या रूपाने नांदतो, याची चर्चा त्याच तासाला व्हावी. दुसरी : प्रत्येक विद्यार्थ्याने एक मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, तिचा पोलिसी पद्धतीचा सलग जबाब स्वतः लिहावा आणि दोहोंमध्ये काय गळाले, काय भरीस पडले, याचा तक्ता मांडावा. या एका अभ्यासाने जे कळेल ते दहा व्याख्यानांनी कळणार नाही. तिसरी : मानसशास्त्र, भाषाशास्त्र व विधी या तीन विभागांनी निदान एक अभ्यासपत्रिका संयुक्तपणे शिकवावी. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ही मागणी करणे स्वार्थाचे दिसेल. पण हा दोष उभयपक्षी आहे. मराठी भाषाशास्त्रानेही प्रयोगविचार, 'म्हणे' आणि 'हातून' यांची चर्चा आजवर प्रायः पुस्तकी वाक्यांवर केली. ज्या वाक्यावर कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून आहे असे वाक्य तिने क्वचितच हाती घेतले.

शास्त्राने न्यायाला साहाय्य करावे, याविषयी दुमत नाही. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला हे विचारण्याचा अधिकार या शास्त्राने स्वतःकडे राखला पाहिजे. जबाबाच्या पहिल्या ओळीतील 'विचारलेवरून' हा शब्द ओलांडून पुढे न जाता त्याच्यापाशीच थांबणारा विद्यार्थी तयार झाला, तर या अध्ययनाचे सार्थक झाले असे मानण्यास हरकत नाही.